आपल्याकडचा लासा

यंत्राने तिसऱ्यांदा 'निगेटिव्ह' म्हटलं आणि प्रयोगशाळेत तपासण्या करणाऱ्या एबोसेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रक्ताचा नमुना इझेहीचा होता. शाळेपासूनची मैत्रीण, याच इस्पितळात बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर. दोन आठवड्यांपूर्वी एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवताना इझेहीचा हातमोजा फाटला. दुसरा मागितला तर भांडारातून निरोप आला, सोमवारी येतील. बाळंतीण लासा तापाने गेली. आता इझेहीच्या तापाचा सहावा दिवस होता आणि हिरड्यांतून रक्त येत होतं.

औषध पहिल्या सहा दिवसांत दिलं तर गुण येतो, हे इथल्या झाडूवालीलाही ठाऊक. पण भिंतीवर नियम डकवलेला: तपासणी पॉझिटिव्ह आली तरच औषध. नमुना चौथ्या दिवशी आला होता. एबोसेने नियमाप्रमाणे तो दोन दिवसांत तीनदा लावला.

तपासणीच्या किटची खोड तिला चांगली माहीत होती. रक्तस्रावी ताप आणणाऱ्या विषाणूंची घराणी निरनिराळी. इबोला एका घरचा, डेंगी दुसऱ्या, आणि उंदराच्या मुतातून वाळत घातलेल्या गारीत, म्हणजे कसाव्याच्या रव्यात, उतरणारा लासा तिसऱ्याच घरचा. गेल्या वर्षी परदेशी तज्ज्ञबाईंनी हे सगळं रंगीत तक्त्यावर समजावलं होतं. एबोसेने तेव्हाच विचारलं होतं, घर कळलं बाई, पण एका घरातली भावंडं तरी कुठे सारखी असतात? लासाचा सगळा संसार आरएनएच्या दोन तुकड्यांवर. त्यांच्या नकला होताना चुका होतात आणि त्या सुधारायला कुणी बसलेलं नसतं. अशा चुका साचत साचत सिएरा लिओनचा लासा वेगळा झाला, आपल्याकडचा वेगळा. उरोमी गावच्या माणसाची बोली ऐकून शेजारच्या एक्पोमाची माणसं हसतात, तसंच. किट बेतला होता तिकडच्या वाणावर. तो ज्या जागी चिकटायचा, नेमकी तीच जागा इथल्या विषाणूत बदललेली. बाईंनी मान डोलावून टिपून घेतलं. नंतर एबोसेने चार पत्रं लिहिली. उत्तरादाखल त्याच किटची आणखी दोन खोकी आली, आणि एक दिनदर्शिका.

प्रयोगशाळेच्या जुन्या प्रमुखांनी निवृत्तीपूर्वी इथल्याच रुग्णांच्या विषाणूवरून एक तपासणी बसवली होती. प्रमाणपत्र नाही म्हणून तिच्यावर बंदी होती, पण कुप्या फ्रीझरच्या तळाशी तशाच पडलेल्या. एबोसेने त्या काढल्या. ताडून बघायला शेजारी स्वतःचं रक्त लावलं, ते गप्प राहिलं. इझेहीच्या रक्ताची रेघ मात्र पडद्यावर सरसर वर चढली.

डॉक्टर इरुओबे जेवून हात धूत होते.

"डॉक्टरसाहेब, लासाच आहे."

"कुठल्या किटवर?"

"आपल्या."

"आपला म्हणजे बंदी घातलेला. बाई, उद्या वरून माणसं तपासायला आली तर मी त्यांना काय दाखवू?"

"इझेहीची शवपेटी दाखवा."

मग तिच्या तोंडाला लगाम राहिला नाही. हातमोज्यांपासून दिनदर्शिकेपर्यंत तिने सगळं बाहेर काढलं. व्हरांड्यात बसलेले नातेवाईक खिडकीशी जमले. एबोसेने औषधाचा अर्ज ओढला, त्यावर मोठ्या अक्षरांत 'पॉझिटिव्ह' लिहिलं आणि खाली पूर्ण नावाने सही केली. नोकरीवरून काढायचं तर मला काढा म्हणाली. औषधवाल्याला कागद हवा होता, तो मिळाला. संध्याकाळी चार वाजता पहिली सुई टोचली.

इझेही वाचली. आजाराच्या सोळाव्या दिवशी तिला साध्या वॉर्डात हलवलं. एबोसे तिच्याकडे गेली तेव्हा निलंबनाची नोटीस खिशातच होती. तिने खुर्ची ओढली आणि सगळी हकिगत रंगवून सांगितली, डॉक्टरांची नक्कलसुद्धा केली. इझेही तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"नुसते ओठ काय हलवतेस? बोल की."

एबोसेने असे रुग्ण पाहिले होते. ताप उतरतो तेव्हा कुणाकुणाचे कान घेऊन जातो. ती उठून पलंगामागे गेली आणि जोरात टाळी वाजवली. शेजारच्या पलंगावरची म्हातारी दचकली. इझेही समोरच बघत होती.

एबोसेला रडू आलं आणि संतापही आला. तिने नोटीस काढली आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं: 'यंत्र तुला निगेटिव्ह म्हणत होतं. तो किट खोटा आहे हे मला वर्षभर माहीत होतं. मी तुझ्यासाठी सगळ्यांशी भांडले.'

इझेहीने सावकाश वाचलं. मग सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वर्षभर माहीत होतं? मग माझं रक्त घेऊन दोन दिवस कशाला थांबलीस?"

डॉक्टर, भांडार, तज्ज्ञबाई, सगळ्यांवर ओरडून झालं होतं. एबोसेने कागद परत घेतला, खाली लिहिलं 'नोकरीसाठी', आणि तिच्यापुढे धरला.