विहिरीकाठची पेटी

वडिलांचं, आप्पांचं, दिवसकार्य आटोपलं आणि वर्षाराणी मोसंबीच्या बागेतल्या पेट्या काढायला गेली. पेट्या तिच्याच होत्या. पुण्याच्या कॉलेजात तिचं पीएच.डी.चं काम चाललं होतं आणि प्रयोगासाठी तिनं युसूफ वडगावची ही घरची बाग निवडली होती.

साबणदाणीएवढी प्रत्येक पेटी मातीतली ओल मोजायची. दोन सेलवर अख्खा हंगाम काढायचा होता, आणि सेल संपत ते मोजण्यानं नाही, बोलण्यानं. म्हणून पेटी झोपून राही. ओल बदलली तरच जागी होऊन शेजारच्या पेटीला सांगे, ती पुढचीला, असा निरोप घरातल्या मोठ्या पेटीपर्यंत पोचे आणि तिथून मोबाइलवरून पुण्याला.

ओल बदलली की मला तिकडं कळतं, असं तिनं आप्पांना समजावलं होतं. त्यांनी नुसती मान डोलावली. फोनवर त्यांना बोलणं सुचत नसे. पेट्या बऱ्या हायेत, एवढं सांगून ठेवून देत.

विहिरीकाठची पेटी तेवढी बिघडलेली निघाली. पाऊस नाही, बागेला पाणी सोडलेलं नाही, तरी रोज सकाळी तिथली ओल एकदम चढे. तिच्या एकटीपायी मधल्या सगळ्या पेट्या जाग्या होत आणि त्यांचे सेल उतरत. वर्षाराणीनं पहिल्या आठवड्यातच पुण्यात बसून हुकूम धाडून तिला गप्प केलं. आलेख सरळ झाले. सरांना काम आवडलं.

आता ती त्या पेटीपाशी वाकली. भोवती हातभर हिरवंगार गवत माजलं होतं. शेजारच्या शेतातली छबुबाई शेळ्या घेऊन बांधावर आली.

"आप्पा उठले की तांब्याभर पानी हितं वतायचे," ती म्हणाली. "मी म्हनलं, आवो, झाडं तर तिकडं हायेत. तर म्हनले, पोरीला कळू दे, बाप उठलाय म्हनून. शेवटी शेवटी काठी टेकीत यायचे, पर चुकले न्हाईत."

वर्षाराणीनं पेटीभोवतीचं गवत हातानं बाजूला सारलं.

"कळायचं न्हवं तुला?"

"कळायचं, मावशी. रोज."

"मंग बरं," म्हणत छबुबाई शेळ्यांमागं गेली.

वर्षाराणीनं पेटी उपटून घेतली, चिखल पुसला आणि सवयीनं झाकण उघडून सेल तपासले. इतर पेट्यांचे पार उतरले होते. हिचे जवळजवळ भरलेले होते.