शेवाळाला दाखवलेलं ऊन

सून असावी तर आभासारखी, असं दुर्गाबाई झाशीच्या दतिया गेटजवळच्या अख्ख्या गल्लीत सांगत. पण रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून तिने कुजक्या समुद्रशेवाळाचा टब आणला, तेव्हा मात्र त्यांनी नाकाला पदर लावला. त्यात तांदळातल्या सोंड्यांएवढे जीव टणाटण उड्या मारत होते.

"किडे नाहीत आई, कोळंबीचे भाऊबंद आहेत," आभा म्हणाली. सडकं शेवाळ खाऊन ते किनारा साफ ठेवतात, आणि तिची पीएच.डी. त्यांच्यावरच होती. टब कूलरसमोर गार ठेवा, अधूनमधून पाणी घाला, एवढं बजावून ती सकाळी ग्वाल्हेरला गेली.

त्याच दिवशी घरात चैत्रगौरीचं हळदीकुंकू. झाशीत मराठी घरं मोजकी, पण नाकं सगळ्यांची तिखट. बायका यायच्या आणि बैठकीत हा दर्प! गादीला वास येवो की तांदळाला, दुर्गाबाईंचं औषध एकच: ऊन दाखवायचं. त्यांनी टब गच्चीवर नेला. घटकाभरच ठेवू, म्हणाल्या. मग आंबेडाळ आली, पन्हं आलं, ओट्या भरल्या, आणि नेहमीसारखा बायकांचा पाय काही निघेना. टब आठवला तेव्हा शेवाळ पापडासारखं कडक झालं होतं. आत एकही जीव हलत नव्हता.

त्यांनी घाईघाईने पाणी शिंपडलं आणि टब पुन्हा कूलरसमोर ठेवून दिला. मुंग्यांना साखर घालणारी बाई मी, आणि माझ्या हातून हे पाप घडावं!

संध्याकाळी आभा आली ती टबापाशीच बसून राहिली. "पाणी घातलं होतंत ना, आई?"

"हो गं." घातलं तर होतंच, म्हणून खोटं इतकं सहज निघालं. दुर्गाबाईंना स्वतःचीच किळस आली.

मग आभाने पीएच.डी.च्या सरांना फोन लावला. "नहीं सर, गलती मेरी ही है. रत्नागिरी तो अब बारिश के बाद ही जा पाऊँगी."

आता मात्र दुर्गाबाईंना राहवेना. "आभा, मी त्यांना ऊन दाखवलं गं. बायका येणार होत्या ना."

"माहीत आहे. टब अजून तापलेला होता."

"मग सरांना माझं नाव का नाही सांगितलंस, बेटा?"

आभाने वर पाहिलं नाही. "काय सांगणार होते मी, आई? माझ्या कामाची माझ्याच घरात लाज वाटते, हे?"