दोघांमधली फट

तिने हृदयाचे ठोके दाखवणाऱ्या मॉनिटरची वायर पुन्हा जोडली. पडद्यावर हिरवी रेघ धावू लागली, तसा भाऊ खुर्चीवरून उठून खिडकीपाशी गेला.

"ताई, आवाज बंद कर ना."

तिने तो बंद केला. आई गेल्यापासून ती टिकटिक दोघांनाही सोसत नसे. तरी दोघांचं पोट त्याच यंत्रांवर होतं. तो रुग्णालयातली यंत्रं दुरुस्त करायचा आणि ती त्यांच्या आतलं कर्नल लिहायची. सगळी कामं कुणी, कधी करायची ते ठरवणारा आतला कारभारी म्हणजे हे कर्नल.

हा मॉनिटर एका रुग्णाच्या उशाशी अचानक गोठला होता. नर्सचं लक्ष गेलं, म्हणून रुग्ण वाचला. दोष मात्र सापडत नव्हता. टपून बसलं की यंत्र साळसूद वागायचं, पाठ फिरली की गोठायचं. आज तिने त्याला पकडलं होतं.

"काय होतं?" त्याने विचारलं.

"आत दोन प्रोसेसर आहेत. एकाने पाहिलं, काम जिवंत आहे. तो हात लावणार, तेवढ्यात दुसऱ्याने ते संपवून जागा मोकळी केली. पहिल्याचा हात पडला तो रिकाम्या जागेवर."

"मग आता?"

"आता बघणं आणि धरणं एकाच कुलपाआड. मध्ये फट नाही. आणि धरणाऱ्याने सोडल्याशिवाय जागा मोकळी करायची नाही."

तिने यंत्रावर भरमसाट कामं लादली. रेघ धावत राहिली. खिडकीतलं ऊन भिंतीवर सरकलं, तरी गोठली नाही.

"झालं की मग," तो म्हणाला. आवाजात आनंद नव्हता.

"आपलंही असंच झालं," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "मला वाटलं तू आईपाशी आहेस. तुला वाटलं मी."

इतक्या दिवसांत हे कुणीच उच्चारलं नव्हतं. आई गेली तेव्हा खाटेजवळच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या.

"मला वाटलं नव्हतं," तो हळूच म्हणाला. "आईच म्हणाली, ताई जिन्यात आहे, आलीच. तू जाऊन जरा पड."

तिचा हात कीबोर्डवर थांबला.

"मला तिने फोन केला होता. म्हणाली, धाकटा उशाशी बसलाय, तू सावकाश ये. केस धुऊन ये."

"कधी?"

"तू निघाल्यावरच असणार."

तो येऊन तिच्याशेजारी बसला. आईला खोटं पचत नसे. बोलली की ठसका लागायचा, आणि लहानपणी दोघं त्यावरूनच तिला पकडायचे.

"तुला सांगताना ठसका लागला होता तिला?"

"लागला होता. मी पाणी दिलं," तो म्हणाला, "आणि निघालो."

फोनवर तिलाही बराच वेळ नुसता खोकलाच ऐकू आला होता.