मार्गासनीची राणी

गेनबानं वस्तरा कुंडलिकच्या वरच्या ओठावर टेकवला आणि तसाच धरून ठेवला. डोकं झालं होतं, दाढी झाली होती. आता मिशी काढायची, तर ती होतीच कुठं? नुसती खुंटं बोटाला लागत होती.

"आता रं?" त्यानं हळूच विचारलं.

"फिरव तसाच," मागं उभा असलेला मानसिंग म्हणाला. "रीत हाय."

गेनबानं वस्तरा फिरवला. नदीकाठी जमलेली भावकी खाली मान घालून वाळू उकरू लागली. पलीकडं तिरडीवर कुंडलिकचा बाप, रखमाजी, निजवला होता. बाप गेला की मुलानं मिशी द्यायची असते. या मुलानं ती बाप धडधाकट असतानाच देऊन टाकली होती, आणि तीही नाटकापायी. कुंडलिक पाण्याकडं बघत राहिला. ओठ जरासा झोंबला, तेवढंच त्याला कळलं.

मार्गासनीच्या नाटकमंडळीत राणीचं काम कित्येक वर्षं त्याचंच. नांगर धरणारा हा आडदांड गडी लुगडं नेसून उभा राहिला की बायका पदर डोळ्यांना लावून तयारच असायच्या. मेलेल्या राजपुत्राला मांडीवर घेऊन तो असा रडायचा, की राजपुत्र झालेल्या बाजीच्या तोंडाचा रंग ओघळून त्याचा वेताळ व्हायचा. साऱ्या गावानं ते नाटक पाहिलं होतं. पाहिलं नव्हतं ते एकट्या रखमाजीनं.

नाटकासाठी मिशी उतरली की म्हातारा मुलाशी बोलणं टाकायचा. जे सांगायचं ते सुनेला, ठकुबाईला, ऐकवायचा.

"बाप जिता असताना मिशी काढनारा म्या ह्यो पयलाच बघितला. त्याला म्हनावं, आदी माझी तिरडी बांध आन मंग काय नाचायचं ते नाच."

मिशी वाढली की बोलणंही सुरू व्हायचं. दर वर्षी हे असंच चालायचं आणि घरात त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं होतं. यंदा मात्र मिशी वाढायला वेळच मिळाला नाही.

यंदा भोरच्या उत्सवात खेड्यांतल्या मंडळींची नाटकं व्हायची होती. या खोऱ्यातून एकच मंडळी घेणार होते, आणि ती निवडायला भोरचे एक परीक्षक गावोगाव फिरून प्रयोग बघत होते. ते मानाच्या खुर्चीत बसत नसत. खांद्यावर घोंगडं टाकून गर्दीतच कुठंतरी बसत, म्हणजे लोक काय बोलतात ते कानावर पडतं. खोऱ्यातल्याच पालीकरांकडं म्हणे रंगवलेले पडदे होते. मार्गासनीकरांकडं पडदा एकच, तोही धोतरं जोडून केलेला. पण राणी होती. प्रयोग झाला, परीक्षक चांगलं-वाईट काही न बोलता वेल्ह्याला निघून गेले आणि दुसऱ्याच दिवशी रखमाजी गोठ्यात वैरण टाकता टाकता कोसळला.

कुंडलिक रडला नाही. चितेला अग्नी देतानाही नाही, घरी आल्यावरही नाही.

"नाटकात घळाघळा," साळूबाई शेजारणीला म्हणाली, "आन बापाला टिपूस न्हाई."

त्याच्या कानावर आलं ते, पण राग आला नाही. तिचं खरंच होतं. एकदा गोठ्यात कुणी नसताना त्यानं राणीच्या विलापाचे शब्द म्हणून पाहिले. शब्द सगळे आले, मागून काहीच आलं नाही. बैल मान वळवून बघायला लागला तेव्हा तो गप्प झाला. म्हातारा अबोल्यातच गेला, ही एकच गोष्ट त्याला दिवसभर कळत असायची. जेवताना, मोट जुंपताना, अंथरुणावर पडल्यावर. दहाव्याला पुन्हा वस्तरा फिरला, तेव्हा त्यानं मानसिंगला सांगून टाकलं.

"निवड झाली तरी म्या काम करनार न्हाई. दुसरा बघा."

मानसिंग मंडळीचा चालक. तो नुसता हं म्हणाला. दुसरी राणी आणायची कुठून, हे त्यालाच ठाऊक नव्हतं.

तेरावं उरकलं आणि दुसऱ्या दिवशी तो परीक्षकांना घेऊन थेट कुंडलिकच्या ओसरीवर आला. दुखवट्याचं घर आहे हे त्यानं वाटेत सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर पालीची वर्णी लागायची.

कुंडलिकच्या डोक्याला मुंडासं होतं. परीक्षकांनी त्याच्या तोंडाकडं निरखून पाहिलं आणि ते खूश झाले.

"मिशी वाढवली नाहीत, फार चांगलं केलंत. उत्सव होईपर्यंत अशीच असू द्या."

मानसिंग उगाच खाकरला.

"तुमची मंडळी घेतली मी," परीक्षक म्हणाले. "म्हणजे खरं सांगू का, मी नाही घेतली. माझ्याजवळ एक म्हातारे बसले होते, त्यांनी घेतली. राणी रडायला लागली तेव्हा मी त्यांना विचारलं, हा मुलगा कुणाचा? तर म्हणाले, 'मुलगा कसा आसंल? बाई हाय ती. चांगल्या घरची दिसती.' आता बोला! गावच्या माणसाला गावचा गडी ओळखू येत नाही. मी त्याच वेळी ठरवून टाकलं."

"कंचं म्हातारं?" मानसिंगनं विचारलं.

"नाव नाही विचारलं. उजव्या हाताला अंगठा नव्हता त्यांच्या. तंबाखू मीच मळून दिली."

मार्गासनीत अंगठा नसलेला माणूस एकच होता. कुंडलिक पाळण्यात असताना कोयत्याखाली गेला होता तो अंगठा. नजर मात्र म्हाताऱ्याची अखेरपर्यंत शाबूत होती. डोंगरावर चरणारं आपलं वासरू तो बांधावरून ओळखायचा.

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

"शेवटपत्तुर बसलं व्हतं का त्ये?" कुंडलिकनं विचारलं.

"शेवटपर्यंत. लोक उठून गेले तरी उठेनात. मला वाटलं पाय अवघडले, म्हणून हात दिला. तर म्हणाले, 'थांबा वाईच. तिचं डोळं पुसून हू द्या.'" परीक्षक हसले. "उत्सवाला त्यांनाही आणा बरं का. माझ्याजवळ बसवीन."

मानसिंगनं कुंडलिककडं पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"त्यांचं येनं व्हायचं न्हाई," कुंडलिक म्हणाला. "आमी येतो."

मग परीक्षकांना पाणी आणायला म्हणून तो आत गेला. बराच वेळ झाला तरी तो बाहेर येईना, तेव्हा मानसिंगनंच उठून ओसरीवरच्या रांजणातून तांब्या भरला.