चौतीस इंची आसन

मे महिन्यात पुण्याचा एक मुलगा आमचा टीव्ही बघायला दीड तास डोंगर चढून आला. समर्थ त्याचं नाव. मागे पोट असलेल्या जुन्या टीव्हींचा त्याला नाद. असे टीव्ही ज्यांच्या घरी अजून चालतात, त्या मालकांची मतं विचारून तो ती इंटरनेटवर लिहितो म्हणे. पुण्यात माणसांना बराच रिकामा वेळ मिळत असावा.

आमचा टीव्ही चौतीस इंची. समोरची काच पाटीसारखी सपाट आणि मागे हे एवढं पोट. पानशेतला धरणाच्या कडेला एक बंगला आहे, तिथे माझा नवरा धनाजी राखणीला आणि बागेला असतो. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही, पण सांगताना किती वेळा 'हे' म्हणणार? बारा वर्षांपूर्वी बंगल्याच्या मालकांनी भिंतीवर पातळ टीव्ही लावला आणि हा आम्हाला देऊन टाकला. आजारी माणसाला आम्ही बांबूला झोळी बांधून खाली नेतो. तशाच झोळीतून सहा जणांनी हा वर आणला.

समर्थने मोबाईल पुढे धरून एकेकाचं मत घेतलं. धनाजी म्हणाला, चित्र एक नंबर, कुस्ती लागली की पैलवानाच्या अंगावरचा घाम दिसतो. माझी मुलगी राजनंदिनी म्हणाली, आवाज छान आहे, फक्त चालू करताना डाव्या बाजूला एक चापट मारावी लागते. माझ्या सासूबाई आक्काबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, म्हणाल्या, आसन बरं आहे. ते समर्थला कळलं नाही. मी टीव्हीवरचं लाल फडकं बाजूला करून दाखवलं. वर आमच्या देवांचे चांदीचे टाक ओळीने मांडलेले होते.

मग तो माझ्याकडे वळला. मी म्हटलं, आधी चहा घे. माझं मत दोन शब्दांत मावणारं नव्हतं.

त्याचं असं आहे. टीव्ही आला तेव्हा आमचं घर कारवीच्या कुडाचं होतं. पुढे विटांचं बांधायचं ठरलं, तेव्हा हे धूड पुन्हा उचलायला गावात एकही खांदा पुढे येईना. माझे सासरे, रायबामामंजी, हिकमती माणूस. त्यांनी टीव्हीवर ताडपत्री टाकली आणि त्याच्याभोवतीच भिंती उभ्या केल्या. घर झालं, चौकट बसली, आणि मग लक्षात आलं की टीव्ही आता दारातून बाहेर जाणार नाही. तेव्हा आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो. मीही हसले होते, त्याची मला आजही चीड येते.

वास्तूच्या दिवशी मामंजींनी घरातली सगळ्यात जड वस्तू बघून तिच्यावर देव मांडले आणि चार लोकांसमक्ष बोलले, की देवाला वचन दिलंय, या आसनावरून पुन्हा उठवणार नाही. तीन वर्षांनी ते गेले. वचन राहिलं.

आता माझी गोष्ट. वर आमची सात घरं, त्यातली चार कुलूपबंद. शाळा चौथीपर्यंत. पाचवीला खाली जावं लागतं आणि पावसाळ्यात मधला ओढा भरला की वाट बंद. मी चौथीनंतर घरी बसले ती अशाच एका ओढ्यामुळे, माहेरच्या. यंदा राजनंदिनी चौथी पास झाली. पानशेतला हनुमंतभाऊंचं जेवणाचं हॉटेल आहे. त्यांनी मला भाकरी करायचं काम आणि मागची खोली देऊ केली. शाळा तिथून पाच मिनिटांवर. जूनच्या आत आलात तर खोली तुमची, नाहीतर दुसऱ्या बाईला देईन, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

म्हटलं तर सोपं. पण आत्याबाई देवांशिवाय येणार नाहीत, देव आसनाशिवाय उठणार नाहीत आणि आसन दारातून निघणार नाही. सत्तरी उलटलेल्या बाईला तीन घरांच्या वाडीत एकटं टाकून जायला माझं मन होत नव्हतं. रोज संध्याकाळी त्या टीव्हीसमोर दिवा लावायचा. देवांपुढे हात जोडायचे आणि खाली मालिका चालू असायची.

हे सगळं मी चुलीपुढे बसून समर्थला सांगितलं. त्याने मोबाईल खिशात ठेवला. म्हणाला, टीव्ही मला द्या. दाराशेजारची भिंत फोडू, माणसं मी आणतो, भिंत पुन्हा बांधूनही देतो. असा टीव्ही त्याला कुठेच मिळाला नव्हता. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणा परक्या मुलाचा चेहरा एवढा निरखून बघितला असेल. थट्टा करत नव्हता.

राहिलं वचन. त्याचाही उपाय आमच्यात आहे, आजवर विचारायची भीती वाटत होती एवढंच. देवाला कौल लावायचा. टाकाच्या उजव्या-डाव्या अंगाला तांदळाचा एकेक ओला दाणा चिकटवायचा आणि मागणं मागायचं. उजवा आधी पडला तर देव होय म्हणाला, डावा पडला तर नाही. मामंजी गेल्यापासून कौल आत्याबाईच लावायच्या. मी विचारलं तर त्या नाही म्हणाल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, मंगळवारी लावू.

मंगळवारी सकाळी समर्थ चार गडी, पहारी आणि दोर घेऊन हजर. गडी अंगणात बसले. आत्याबाईंनी आंघोळ करून, डोईवर पदर घेऊन दाणे लावले. मागणं मात्र माझ्याकडून मागवलं. मी मोठ्याने मागितलं, की लेकराच्या शाळेपायी खाली जायचं आहे, देवा, नव्या आसनावर चल. मग वाट बघणं. राजनंदिनी माझा पदर मुठीत धरून उभी होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक, चहाचं आधण आटून गेलं.

उजवा दाणा पडला.

राजनंदिनीने उडी मारली. धनाजीने बाहेर गड्यांना हाक दिली. मी देवापुढे डोकं टेकलं आणि खरं सांगते, मला रडू फुटलं. वर बघते तर आत्याबाई टीव्हीला पाठ लावून जमिनीवर बसलेल्या, दोन्ही हात मागे त्याच्या कडेला धरलेले.

"आत्याबाई, उठा. देव व्हय म्हनला."

"देव म्हनला. म्या न्हाई म्हनले."

धनाजी म्हणाला, आये, असं काय करते, मामला देवाचा होता, तो मिटला. त्यावर त्या त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघून बोलल्या.

"देवाचं नुसतं निमित्त केलं हुतं तुज्या मामंजींनी. वचन मला दिलं हुतं. ल्हानपनी धरनाचं पानी आलं, आमी उठलो. लगीन झालं, डोंगराला भेगा पडल्या, तवा उठलो. मग तितनंबी उठून हितं आलो. तीनदा चूल उचलली गं म्या. त्यास्नी म्हनलं, आता मला उठवू नगा. ते म्हनले, तुजं कोन ऐकनार, देवाच्या नावानं सांगतो. म्हंजे कुनी हात लावनार न्हाई."

 अंगणातल्या गड्यांनीही ऐकलं असावं, कारण पहारींचा आवाज थांबला.

मला राग आला. सरळ सांगते, असा राग आला की त्या म्हातारीला धरून बाजूला ओढावं. दहा वर्षं मी देवाला भिऊन राहिले, आणि देवाची काही हरकतच नव्हती. पण त्यांचे हात टीव्हीच्या कडेला असे आवळलेले होते की बोटांची नखं पांढरी पडली होती. देवाशी भांडता येतं, कौल लावता येतो. त्या हातांचं काय करायचं ते मला सुचेना.

मी समर्थला म्हटलं, जा बाबा. तो बिचारा गड्यांना घेऊन गेला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात धनाजी आणि राजनंदिनी खाली राहायला गेले. भाकरीचं काम मिळायचं नव्हतं, ते दुसऱ्या बाईला गेलं. खोली मात्र धनाजी संध्याकाळी हॉटेलात राबेल या बोलीवर मिळाली. मी म्हशी आणि आत्याबाई घेऊन वर राहिले. राजनंदिनीने जाताना टीव्हीच्या डाव्या बाजूला हात फिरवला आणि मला म्हणाली, आई, हळू चापट मारायची, जोरात मारली की रंग हिरवा येतो. वेणी घालायला तिथे कोण आहे, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. दर शनिवारी येईन म्हणाली होती. दोन शनिवार आली. तिसऱ्याला ओढा भरला.

तेव्हापासून महिना झाला. रेंज वरच्या धारेवर गेलं तरच येते, आणि धुक्यात धारेवर जाता येत नाही. आत्याबाई पहिल्यासारख्या जास्त बोलत नाहीत. काल दुपारी तांदूळ निवडता निवडता त्या एकदम म्हणाल्या,

"रत्ना, तू जा पोरीकडं. म्या ऱ्हाते एकली. म्या चुकले."

हे शब्द मेमध्ये आले असते तर मी त्यांचे पाय धरले असते. आता दाराबाहेर ओढ्याचा आवाज येत होता, घरातसुद्धा मोठ्याने बोलावं लागावं एवढा.

"आता कुठं जाऊ, आत्याबाई? वाट बंद झाली."

 त्या उठल्या, टीव्हीवरचं लाल फडकं सारखं केलं, आणि मला म्हणाल्या, लाव बघू, खालच्या शाळंला सुट्टी दिली का सांगत्यात का. आमच्या खालच्या शाळेची बातमी टीव्हीवर येत नाही, हे त्यांनाही माहीत आहे. तरी मी उठले आणि डाव्या बाजूला हळू चापट मारली.

टीव्ही लगेच लागला. रंग अगदी बरोबर आला. चित्र अजून एक नंबर आहे, समर्थला माझं मत हवं होतं तर हे लिहून घे म्हणावं.