कोन आणि अकरा नंबरची गाडी

मी कोन बोलतोय.

कोण? अहो, कोण नाही, कोन! आमच्या तपासनीस मॅडम फोनवर रोज हाच घोळ निस्तरतात. "कोन पाठवा" म्हटलं की पलीकडून प्रश्न येतो, "कोणाला पाठवू?"

तर मी लोखंडी पत्र्याचा, फूटभर उंचीचा, खाली रुंद आणि वर निमुळता. दोन्ही टोकांना उघडा आहे, म्हणजे मला तोंडं दोन. माणसांत अशाला दुतोंडी म्हणतात आणि चार हात लांब ठेवतात. मला मात्र ताज्या काँक्रीटबद्दल खरं सांगण्यासाठीच घडवलं. पत्रा वाकवला, शिवण वेल्ड केली, दोन बाजूंना दोन मुठी आणि तळाशी पाय रोवायला दोन पट्ट्या जोडल्या, की झालो मी तयार.

कारखान्यातून निघालो तो थेट काँक्रीटच्या प्लांटवर आलो. इथे खडी, वाळू, सिमेंट आणि मोजून घातलेलं पाणी एकत्र होऊन गोल पोटाच्या गाड्यांत पडतं आणि गाड्या पोट फिरवत कामावर जातात. गेली काही वर्षं आमचा सगळा माल एकाच मोठ्या कामाला जातो. शहराला वळसा घालणारा रस्ता आणि त्याच्या मधोमध नदीवरचा लांबलचक पूल.

माझं काम सोपं. गाडी पुलाच्या कामावर पोचली की तिथे मॅडम मला ओल्या फडक्याने पुसतात, पट्ट्यांवर दोन्ही पाय देऊन उभ्या राहतात आणि तीन थरांत माल भरतात. प्रत्येक थराला सळईचे पंचवीस ठोसे. मग मला अलगद, सरळ वर उचलतात. आत माझ्याच आकाराचा ढीग असतो, तो हळूहळू खाली बसतो. मला उलटा करून शेजारी ठेवतात आणि ढीग माझ्यापेक्षा किती बुटका झाला ते मोजतात. मग सगळे एकच विचारतात, "किती बसला?" थोडा बसला तर माल चांगला. फतकल मारून बसला तर त्यात पाणी जास्त, आणि असा माल वाळल्यावर कच्चा राहतो.

म्हणून चालकांना एक नियम अगदी घोटून शिकवलेला आहे. मॅडमनी सांगितल्याशिवाय गाडीत पाण्याचा थेंबही घालायचा नाही.

अकरा नंबरच्या गाडीचे चालक या नियमाचे पक्के. तीस वर्षं गाडी चालवली आणि एकदाही त्यांचा माल परत आला नव्हता. निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि ही गोष्ट ते भेटेल त्याला ऐकवत. ऐकून ऐकून बाकीच्या चालकांचे कान किटले होते. हे चालक म्हणजे आमच्या मॅडमचे वडील. घरी त्या "बाबा" म्हणत, कामावर मात्र "अकरा नंबर". आणि तेही घरी जिला "पोरी" म्हणत, तिला इथे "मॅडम, अहो मॅडम" करत. दोघांनाही त्याची गंमत वाटे.

त्या दुपारी पुलाच्या माथ्यावर काँक्रीट पडत होतं. असं काम एकदा सुरू झालं की थांबवायचं नसतं. मध्ये खंड पडला तर जुना आणि नवा माल नीट जुळत नाही, सांधा राहतो. नेमकी अकरा नंबरची गाडी रस्त्यात तासभर अडकली. आली तेव्हा बाबांचा चेहरा उतरलेला. माल घट्ट झाला असेल या काळजीने त्यांना घाम फुटला होता.

मॅडम सकाळपासून उन्हात उभ्या होत्या. घशाला कोरड पडली होती. बाबांच्या केबिनमध्ये घरून आणलेली पाण्याची बाटली असते हे त्यांना माहीत. मला पुसता पुसता, मान वर न करताच त्या ओरडल्या, "अकरा नंबर, जरा पाणी द्या!"

गाडीचं पोट घरघरत होतं. बाबांनी ऐकलं ते फक्त "पाणी द्या". त्यांचा जीव भांड्यात पडला, बाटलीकडे हात गेलाच नाही. मॅडमनीच सांगितलं म्हटल्यावर त्यांनी गाडीवरच्या पाण्याच्या टाकीची चावी फिरवली आणि मालात पाणी सोडलं. जरा नाही, चांगलं भरपूर.

मॅडमनी मला भरलं, उचललं आणि ढीग खालच्या लोखंडी पाटावर पसरला.

"पाणी घातलंत?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच सांगितलंत ना, मॅडम."

"मी प्यायला मागितलं होतं!"

बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. मग म्हणाले, "पुन्हा एकदा बघता का?" तेवढी मुभा नियमात आहे. मॅडमनी मला पुन्हा पुसलं, भरलं, ठोसे दिले. मग त्यांनी माझ्या मुठी धरल्या. माझ्या मनात आलं, आज एकदाच खोटं बोलता आलं असतं तर! पण माझ्या अंगात ती सोयच नाही. ढीग दुसऱ्यांदाही फतकल मारून बसला.

साइटवरचे साहेब घड्याळ बघत आले. "अहो, एका गाडीने काय आभाळ कोसळतंय? वरची माणसं खोळंबलीत. नेहमीचा आकडा टाका आणि सोडा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "घरचाच माणूस आहे तुमच्या."

"म्हणूनच नाही सोडत," मॅडम म्हणाल्या. त्यांनी प्लांटवर फोन करून दुसरी गाडी आडवाटेने मागवली आणि वर ओतलेल्या मालाच्या काठावर ओली गोणपाटं टाकायला लावली. मग बाबांकडे वळल्या. "बाबा..."

"इथे अकरा नंबर म्हणायचं," बाबा म्हणाले. "परतीची चिठ्ठी द्या, मॅडम."

चिठ्ठीवर कारणाचा रकाना असतो. मॅडमनी लिहिलं, "तपासनीसाने पाणी मागितले, चालकाने दिले. चूक तपासनीसाची." बाबांनी न वाचताच सही केली आणि गाडी वळवली. दुसरी गाडी वेळेत पोचली. काठ अजून ओला होता, सांधा राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी प्लांटच्या मॅनेजरांनी दोघांना बोलावलं. मी मॅडमच्या हातातच होतो. चिठ्ठी मोठ्याने वाचली गेली तसे बाबा उसळले. "चावी मी फिरवली. चूक माझी. हिच्या नावावर कशाला?"

"शब्द माझा होता," मॅडम म्हणाल्या.

"कान माझे होते!"

मॅनेजरांनी कपाळाला हात लावला. "इथे प्रत्येक जण चूक दुसऱ्याच्या गळ्यात मारतो. तुम्ही दोघं ती एकमेकांच्या हातातून ओढताय!" शेवटी दोघांनाही ताकीद मिळाली. परत आलेला माल गाड्या उभ्या राहतात त्या मागच्या जागेत ओतला होता, आणि गवंड्याचा रंधा मारून तो बाबांनी स्वतः सपाट केला होता. दोन महिन्यांनी ते निवृत्त झाले. "तीस वर्षांत एकदाच गाडी परत गेली, तीही माझ्या पोरीने पाठवली," असं आता ते सांगतात, आणि पहिल्यापेक्षा जास्त वेळा सांगतात. आमच्याकडे मात्र तेव्हापासून कुणीही "पाणी द्या" म्हणत नाही. "तहान लागलीय" म्हणतात.

एक विनंती आहे. मला किंवा माझ्या भावंडांना कधी हाताळलंत तर सरळ वर उचला. तिरकं उचललं की ढीग कलतो आणि आम्ही नसलेलं सांगून बसतो.

मला आता ही विनंती स्वतःसाठी करायची गरज उरली नाही. गेल्या आठवड्यात मी गाडीवरून पडलो आणि खालचं तोंड चेपलं. मॅडमनी मोजपट्टी लावून मोजलं, पुन्हा मोजलं. केसभर फरक होता, कुणाच्या लक्षातही आला नसता. त्या बराच वेळ मला मांडीवर घेऊन बसल्या. मग लाल रंग आणला आणि माझ्या पोटावर लिहिलं, "बाद".

उद्या मी भंगारात जाईन. वाईट वाटतं, नाही कशाला म्हणू? पण मला ठेवून घेतलं असतंस ना, पोरी, तर त्याहून जास्त वाईट वाटलं असतं.