चाकाचा आऊट

कुमुदबाईंच्या सायकलच्या मागच्या चाकातल्या चाळीसही तारा घरांना बांधलेल्या होत्या. तार आवळली की घर जवळ यायचं, सैल केली की लांब जायचं. प्राथमिक शाळेत जन्म घालवलेल्या बाईंना याचं नवल वाटत नसे. पोस्टमास्तरांचं घर त्यांनी असंच हाकेच्या अंतरावर ठेवलं होतं.

उद्यापासून त्यांची नात अन्वी या सायकलवरून हायस्कूलला जाणार होती. वाटेत पुलाकडचा मोठा उतार. म्हणून रविवारी सकाळी दोघींनी सायकल अंगणात उलटी उभी केली.

"आधी हवा. टायर अंगठ्यानं दाब. कच्च्या पेरूसारखं लागतंय?"

"लागतंय. चेनला तेलही घातलं. हात बघ कसे झालेत!"

"व्हायलाच हवेत. आता चाक फिरव."

चाक फिरलं आणि दर फेरीला ब्रेकच्या रबराला खर्रकन घासून गेलं.

"चाकाला आऊट आलाय," बाई म्हणाल्या.

"विकेट कुणी घेतली?"

"चावटपणा पुरे. चाक वाकडं फिरलं की त्याला आऊट म्हणतात. उतारावर अशा चाकाचा ब्रेक दगा देतो."

बाईंनी रिमजवळ खडू धरला. चाक जिथे बाहेर येत होतं तिथे पांढरी रेघ उमटली. अन्वी तारांची चावी लावून समोरच्या बाजूच्या तारा आवळू लागली. पोस्टमास्तरांचा ओटा पायरीला येऊन भिडला. पिठाची गिरणी फाटकातून आत आली.

"अगं पोरी, किती आवळतेस!" गिरणीवाले बाबूराव खिडकीतून ओरडले. "माझं पीठ तुमच्या वाळवणावर उडतंय!"

अंगण चटईएवढं उरलं. आऊट मात्र गेला नाही.

"आजी, ही एकच तार भलती ताणलीय. हीच चाक ओढतेय."

बाईंना ते ठाऊक होतं. ती थोरल्या बहिणीची, अक्काची तार. अक्का जाऊन बारा वर्षं झाली होती आणि मिरजेचं तिचं रेल्वे क्वार्टर पाडलंही होतं. पण तार ताणलेली होती तोवर ते न्हाणीघरामागे उभं असे. रोज तिन्हीसांजेला तिकडून लसणीच्या फोडणीचा वास येई आणि दोघी बहिणी खिडकीतून बोलत बसत.

"ती राहू दे," बाई म्हणाल्या.

"मग उद्या मी वाकड्या चाकानं उतार उतरू?"

बाईंनी तिच्या हातातून चावी घेतली.

"एकदम सोडायची नसते, बाळा. पाव आटा, म्हणजे चावीचा पाव फेराच. मग चाक फिरवून बघायचं. मग पुन्हा पाव आटा."

अक्का खिडकीशी आली. "कुमे, काय गं चाललंय?"

"पोरीची सायकल बघतेय."

"बघ, बघ. नीट बघ."

पाव आटा. क्वार्टर विहिरीपलीकडे गेलं. पाव आटा. उसाच्या फडापलीकडे. खर्र थोडं कमी झालं.

"अजून लागतोय खडू," अन्वी म्हणाली.

पाव आटा. घर नदीपार गेलं, काडेपेटीएवढं झालं.

"झालं, आजी! कुठ्ठेच लागत नाही!"

चाक सरळ, बिनआवाज फिरत होतं. नदीपार अक्का घराबाहेर आली होती. पदर खोचून ती बाईंच्या दिशेनं पळत होती, आणि तिच्या पायाखालची जमीन मागे मागे जात होती. तिची उजवी मूठ पुढे होती, सायकलचं कॅरिअर धरल्यासारखी.

"भिऊ नकोस गं, कुमे," ती ओरडत होती, "धरलंय मी, धरलंय!"